बसेपर्यंतचे चार सेकंद

आवाज काही फार मोठा नव्हता. ओल्या कपड्यांचं बोचकं कुणीतरी जिन्यावरून खाली टाकावं तसा. थोडा मऊ, थोडा जड. बावीस नंबरची बस वाचनालयाच्या स्टॉपवरून जेमतेम हातभर पुढे सरकली होती, आणि ड्रायव्हरच्या पायाने ब्रेक आधी दाबला, आवाज काय होता ते त्याला नंतर कळलं. मागून कुणी ओरडलं नाही. ते न ओरडणंच त्याच्या लक्षात राहिलं. बघायला तो उठला, म्हणजे सीटवरून अख्खा उठला, कारण नुसती मान वळवून भागणार नव्हतं, आणि ते का, हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. दारामागच्या पहिल्या आडव्या सीटच्या पायाशी राखाडी स्वेटर घातलेल्या एक बाई कुशीवर पडल्या होत्या. मंगळवार-शुक्रवार याच स्टॉपवर चढायच्या त्या. त्यांची पिशवी उपडी झाली होती, दोन पुस्तकं सीटखाली सरकली होती, आणि बाई कण्हत नव्हत्या, माफी मागत होत्या. "माझंच चुकलं," त्या म्हणत होत्या, "तुम्ही चला, लोकांना उशीर होईल." त्यांचा एक पाय जसा असायला नको तसा बाहेरच्या बाजूला वळला होता. ड्रायव्हर त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसला आणि अँब्युलन्स येईपर्यंत, दुसरं काही सुचेना म्हणून, ती दोन पुस्तकं हातात धरून राहिला. नंतर ती त्याच्याकडेच राहिली. कपाटात, गणवेशाच्या शर्टांखाली.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात चौकशी झाली. चौकशी म्हणजे एक टेबल, एक कारकून आणि सात प्रश्नांचा छापील कागद. चौथा प्रश्न असा होता की, वयस्कर प्रवासी बसल्याची खात्री केल्यावरच गाडी हलवली का. बावीस नंबरला कंडक्टर नसे, बघायचं ते ड्रायव्हरनेच. आतल्या मोठ्या आरशात मागची सगळी गाडी दिसते, पण दारामागची ती पहिली सीट तेवढी दिसत नाही. तिथे बघायचं तर मान वळवावी लागते. आणि ड्रायव्हरची मान गेली दीड वर्षं वळत नव्हती. म्हणजे वळायची, अर्धी. मग गंजलेल्या बिजागरीसारखी अडायची आणि खांद्यापासून कानामागपर्यंत एक तार ताणली जायची. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोच्या ध्यानात आलंच होतं. "मी हाक मारली की तुम्ही कपाटासारखे वळता," ती एकदा म्हणाली होती, आणि तेव्हापासून न विचारता संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी काढून ठेवत होती. दर वर्षीच्या तपासणीत डॉक्टर डोळे बघायचे, रक्तदाब बघायचे. मान वळवा असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. सत्तावन्न पूर्ण झाली होती. आणखी तीन वर्षं काढायची होती, आणि गाडी चालवण्यावाचून दुसरं काही त्याला येत नव्हतं, आवडतही नव्हतं. कारकुनाने चौथा प्रश्न वाचला. "बघितलं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "बसल्या होत्या." कारकुनाने ते लिहून घेतलं आणि पाचव्या प्रश्नाकडे वळला. सगळं मिळून अकरा मिनिटांत आटोपलं. अहवालात आलं की प्रवाशाचा स्वतःचा तोल गेल्याने इजा झाली, ड्रायव्हरचा दोष नाही. डेपोतल्या मंडळींनी पाठीवर थाप मारली. अठ्ठावीस वर्षांचा कोरा कागद कोराच राहिला होता. पण त्यानंतर दर मंगळवारी वाचनालयाचा स्टॉप जवळ आला की त्याच्या डाव्या तळपायाला मुंग्या यायच्या. तिथून कुणी राखाडी स्वेटर चढत नसे. दार बंद होताना जो सुस्कारा सोडल्यासारखा आवाज होतो, तो त्याला नकोसा झाला होता.

दोन महिन्यांनी डेपोच्या फळ्यावर नोटीस लागली की प्रवासी पडण्याच्या घटनांचा अभ्यास करायला एक व्यक्ती नेमली आहे, वार्धक्यशास्त्राची पदवीधर, ड्रायव्हरांनी सहकार्य करावे. वार्धक्यशास्त्र हा शब्द दोघा-तिघांनी मोठ्याने वाचला आणि मग हसण्याची लाट उठली. म्हातारपणाची डिग्री! त्याला कॉलेजात कशाला जायचं, एक जण म्हणाला, ती तर घरबसल्या मिळते, नुसती वाट बघायची. ड्रायव्हरही हसला, पण बाकीचे पांगल्यावर त्याने नोटीस पुन्हा एकदा वाचली. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला ती त्याच्याच गाडीत चढली. चोवीस-पंचवीसची, बारीक, पायात जाड तळव्यांचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच. नमस्कार करून म्हणाली, "काका, मी आजपासून तुमच्या मागे," आणि नेमकी दारामागच्या पहिल्या आडव्या सीटवर जाऊन बसली. त्याने तिला मॅडम म्हणायचं ठरवलं, आणि मॅडम या शब्दात जेवढं अंतर भरता येईल तेवढं भरलं.

ती आरशात दिसत नसे. हेच त्याला छळायचं. मागे कुणीतरी बसलं आहे, लिहितं आहे, आणि आपल्याला ते दिसत नाही. फक्त स्टॉपवॉचची कट्‌ कट्‌ ऐकू यायची. दार उघडलं की कट्‌, कुणी बसलं की कट्‌. ही आपल्यासाठीच पाठवली आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. मग तो जास्तच अलगद चालवू लागला, जास्तच सरळ बसू लागला, आणि दुपारपर्यंत मानेतली तार झणझणायला लागायची. पण माणूस किती दिवस अंग चोरून बसणार. चौथ्या-पाचव्या दिवसापासून, तिचं लक्ष आपल्याकडे नसून चढणाऱ्यांकडे आहे, हे त्याला हळूहळू उमगत गेलं. आणि असं लक्ष त्याने कुणाचं पाहिलं नव्हतं. दवाखान्याच्या स्टॉपवर काठीवाले एक आजोबा चढायचे. ते पायरीवर क्षणभर थांबतात, हे ड्रायव्हरला पंधरा वर्षं माहीत होतं आणि पंधरा वर्षं त्याला वाटत आलं होतं की ते दमतात म्हणून थांबतात. तिने दोन दिवसांत सांगितलं की ते दमत नाहीत. बाहेरच्या उन्हातून आतल्या सावलीत आल्यावर त्यांना काही दिसत नाही, डोळे जुळेपर्यंत ते थांबतात, आणि तेवढ्यात गाडी हलते. एक बाई नेहमी गर्दीतून वाट काढून मागेच का जातात, पुढे जागा असताना? कारण मागच्या सीटच्या खांबाला पिवळी पट्टी होती, तो त्यांना लांबून दिसायचा. पुढचे खांब भिंतीच्याच रंगाचे. हे ती काही शोध लावल्याच्या थाटात सांगत नसे. कुणी घड्याळ बघून वेळ सांगावी तसं सांगायची. ड्रायव्हर समोर रस्त्याकडे बघत ऐकायचा आणि त्याला वाटायचं, अठ्ठावीस वर्षं आपण माणसं वाहिली की नुसती गाडी?

शेवटच्या स्टॉपवर, पाण्याच्या टाकीखाली, गाडी बारा मिनिटं थांबायची. तिथे पायरीवर बसून दोघं चहा प्यायचे, आणि मॅडमचं अंतर त्या पायरीवरच कमी होत गेलं. एकदा त्याने सरळ विचारलं, की हे शिकावं असं तिला वाटलं तरी कसं. आजी-आजोबांचा फार लळा होता का. ती हसली. लळा वगैरे काही नव्हता, तिने सांगितलं. मार्क कमी पडले, दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही, आणि घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून नाव घातलं. एक सत्र काढायचं आणि सटकायचं, असा बेत होता. पहिल्या वर्षी हाडं शिकवली, स्नायू, डोळे, कान, विसरणं म्हणजे काय आणि नुसतं वय म्हणजे काय. दुसऱ्या वर्षी घरं, कायदे, एकटेपणा, मरण. मधेच एका वृद्धाश्रमात महिनाभर पाठवलं. तिथे एक आजी होत्या, त्या रोज दुपारी साडेतीनला भांडण काढायच्या. सगळे म्हणायचे, स्वभावच तसा. हिने आठ दिवस त्यांच्याशेजारी नुसतं बसून काढले. मग लक्षात आलं की साडेतीनला इमारतीचा पंप सुरू होतो, आणि आजींच्या कानातल्या यंत्रात त्याची घरघर इतकी मोठी होऊन घुसते की त्यांना शेजारच्याचं बोलणं म्हणजे आरडाओरडा वाटतो. हिने त्यांची खुर्ची व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. बस्स. भांडण संपलं. "एक खुर्ची हलवली काका," ती म्हणाली, "आणि अकरा वर्षांचा स्वभाव गेला. मग मी सटकले नाही."

त्याने तिच्याबरोबर शिकलेल्या बाकीच्यांचं विचारलं. त्याला वाटलं होतं, सगळे वृद्धाश्रमातच लागले असतील. तर तसं नव्हतं. एक जण इस्पितळात होता, ऑपरेशन झालेला माणूस घरी गेल्यावर पहिले पंधरा दिवस कसा राहील याची आखणी करायचा. जिने किती, संडास किती लांब, हाक मारली तर ऐकणारं कोण. एक मैत्रीण घरांचे नकाशे काढणाऱ्यांकडे होती आणि दारांच्या रुंदीवरून त्यांच्याशी हुज्जत घालायची. एक विसरण्याचा आजार असलेल्या माणसांसाठी दिवसभराचं केंद्र चालवत होती, एक जण सरकारी खात्यात बसून नियम लिहीत होता, आणि एक होती ती डब्यांच्या कारखान्यात. झाकण उघडायला किती जोर लागतो ते मोजायची. झाकणवालीचं ऐकून ड्रायव्हर मोठ्याने हसला. मग हसता हसता त्याला आठवलं की परवाच बायकोने बाटली त्याच्यापुढे केली होती, न बोलता, तोंड दुसरीकडे करून. आणि बायकोचे ते हात एके काळी शिवणाच्या दुकानात दिवसाला चाळीस काज करायचे. तिला ते मागणं किती जड गेलं असेल, हे त्याला त्या पायरीवर, हातात कागदी कप असताना कळलं. कुठेतरी एक मुलगी एका कारखान्यात बसून त्या झाकणाचा विचार करते आहे, याचं त्याला एकदम फार बरं वाटलं. आणि त्याच्या मागोमाग, बोलावल्यासारखे, वडील आले. वडील बूट घालायला बसायचे. एक बूट, मग विश्रांती, मग दुसरा, मग नाड्या. हा दारात किल्ल्या वाजवत उभा. चला ना बाबा. त्या किल्ल्यांचा आवाज त्याला आत्ता ऐकू आला, इतका की त्याने खिसा चाचपला. शेवटी शेवटी वडील म्हणायला लागले होते, तू हो पुढे, मी येतो. आणि हा पुढे व्हायचा. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याला एकटं चालायला आवडतं.

तिसऱ्या आठवड्यात तिने त्याला आकडा सांगितला. तरुण माणूस पायरीवर पाय ठेवल्यापासून पाचव्या सेकंदाला बसलेला असतो किंवा दांडा धरून उभा असतो. बावीस नंबरवरच्या सत्तरीपुढच्यांना तिच्या मोजणीत नऊ लागत होते. गाडी हलते ती पाचव्या-सहाव्याला. "लोकांना वाटतं ब्रेक मारल्यावर म्हातारी माणसं पडतात. ब्रेकला नाही पडत फारशी, निघताना पडतात. मधले चार सेकंद ती कशालाच धरून नसतात." तेव्हापासून डेपोत तिचं नाव चार सेकंद पडलं. मग कप चुरगाळत, त्याच घड्याळी आवाजात, ती म्हणाली, "आणि काका, तुम्ही दाराकडे बघताना मान वळवत नाही. खांद्यापासून वळायला जाता आणि अर्ध्यात सोडून देता. तिसऱ्याच दिवशी दिसलं मला." लिहिलंस का, त्याने विचारलं. ती म्हणाली, नाही. अभ्यास सुरू करताना सगळ्या ड्रायव्हरांना शब्द दिला आहे, नाव नाही, गाडीचा नंबर नाही, कुणा एकाबद्दल काही नाही. पण डॉक्टरांना दाखवा, ती म्हणाली, आणि कुठल्या डॉक्टरांना ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. पडलेल्या बाईंबद्दल तिने काहीच विचारलं नाही. त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट, परतीच्या फेरीत अडतीस स्टॉप तो असा चालवत गेला, जणू गाडीत ती एकटीच आहे आणि काच लावलेल्या पेटीसारखी त्याची छाती तिच्या समोर उघडी आहे.

मीटिंग मुख्य ऑफिसात झाली, खिडक्या न उघडणाऱ्या एका खोलीत. लांब टेबल, एका टोकाला वेळापत्रकाचे साहेब, त्यांच्याशेजारी डेपो मॅनेजर, समोर ती मुलगी आणि तिचा अहवाल. आणि भिंतीकडच्या खुर्चीवर ड्रायव्हर, कारण मार्गावरचा सर्वांत जुना म्हणून त्याला बोलावलं होतं. मॅनेजरने बाहेरच बजावलं होतं, विचारलं तरच बोलायचं. साहेब वाईट माणूस नव्हते. चार गुणिले अडतीस, त्यांनी तोंडी हिशेब केला, अडीच मिनिटं; एका फेरीला अडीच मिनिटं मी कुठून आणू? मुलगी तयारीने आली होती. अडतीस नाहीत, नऊ स्टॉप, ती म्हणाली. दवाखाना, वाचनालय, बाजार... आणि छत्तीस सेकंद. साहेबांनी मान डोलावली. माणसाला पटत चाललं आहे, हे ड्रायव्हरला भिंतीजवळून दिसत होतं. मग त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की नियम आधीच आहे. प्रवासी बसल्याचं बघून गाडी हलवायची. नियम पाळला तर वेगळे सेकंद कशाला? आणि पाळूनही माणसं पडत असतील तर सेकंदांनी काय होणार? हेच बघा ना, ते म्हणाले, याच मार्गावर, वाचनालयाचा स्टॉप. ड्रायव्हर अठ्ठावीस वर्षांचा अनुभवी, त्याने बघितलं, बाई बसलेल्या होत्या, तरी पडल्या. बसलेला माणूस पडतो, त्याला ऑफिस काय करणार.

मुलीने त्या कागदाकडे बघितलं, मग स्वतःच्या अहवालाकडे, आणि एक पान उलटून परत होतं तसं केलं. ती आत्ता बोलेल, ड्रायव्हरला वाटलं. तिला एक वाक्य पुरे होतं. या माणसाची मान वळत नाही, एवढं म्हटलं की कागद संपला. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिचे कान लाल झाले होते, वर्गात उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या मुलीसारखे, आणि ती बोलत नव्हती. सहा महिन्यांचं काम, त्यातल्या त्याच्या गाडीतल्या सव्वीस दिवसांच्या फेऱ्या, काठीवाले आजोबा, पिवळी पट्टी, सगळं त्या टेबलावर बुडत होतं आणि ती दिलेला शब्द धरून बसली होती. त्याच्या आयुष्यात कुणी त्याच्यासाठी इतकं गप्प बसलं नव्हतं. आपण उभे राहिलो आहोत हे त्याला खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला तेव्हा कळलं.

"मी बघितलं नव्हतं साहेब," तो म्हणाला.

मॅनेजर म्हणाले, बसा. तो बसला नाही. "ती सीट आरशात दिसत नाही. मान वळवावी लागते आणि माझी मान दीड वर्षं वळत नाही. त्या बाई बसल्या होत्या की नाही मला माहीत नाही. चौकशीत मी खोटं सांगितलं." आपण काय बोलतोय हे कळतंय ना, साहेबांनी विचारलं, रागाने नव्हे, काळजीने. कळतंय, तो म्हणाला. आणि मग, आता बोलायला लागलोच आहोत तर, त्याने सांगितलं की डेपोत पन्नाशीपुढचे निम्मे तरी आहेत. कुणाचा गुडघा, कुणाची मान, कुणाला संध्याकाळी समोरचे दिवे फुटलेले दिसतात. सगळे लपवतात. प्रवासीही लपवतात, आम्हीही लपवतो. ही मुलगी मोजते ते तेवढंच. त्याचा आवाज कापत नव्हता याचं त्यालाच नवल वाटलं.

नंतर कॉरिडॉरमध्ये त्याने तिला विचारलं, की ती बोलली का नाही. तिने स्टॉपवॉचची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "शब्द मोडला असता काका, तर पुढच्या वेळी कुठला ड्रायव्हर मला खरं चालवून दाखवेल? त्यांनी दाखवलंच नाही तर मी मोजणार काय?" हेही त्यांना शिकवतात का, त्याने विचारलं. ती म्हणाली, शिकवतात, तिसऱ्या वर्षी, चाळीस मार्कांचा पेपर असतो. पण तिला त्यात काठावरच मार्क पडले होते.

त्याला गाडीवरून काढलं. लेखी ताकीद मिळाली आणि स्टोअरमध्ये एक टेबल. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता मानेला दाखवाल तरी." आठवड्यातून दोनदा तो चिठ्ठीवरच्या डॉक्टरांकडे जाऊ लागला. आणि एका सकाळी त्याने शर्टांखालून ती दोन पुस्तकं काढली, कागदात गुंडाळली, आणि बाईंच्या घरी गेला. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. बाई चालताना आधाराला घेतात ती चौपायी धरून दारापर्यंत आल्या, याला ओळखलं, बसायला सांगितलं. त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं, उभ्या उभ्या, पाठ केल्यासारखं. बाईंची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती, पुस्तकांच्या पुडक्यावर होती. मग त्यांनी विचारलं, की म्हणजे गाडी हलली तेव्हा त्या उभ्या होत्या? बहुतेक, तो म्हणाला. नऊ सेकंद लागतात, गाडी पाचव्याला निघाली.

"मला वाटलं, मी बसले होते," बाई म्हणाल्या. "कागद आला ना तुमच्या ऑफिसचा, स्वतःचा तोल गेल्याने. मी तो धरून चालले. बसल्या जागेवरून पडणारी बाई मी. हाड दोन महिन्यांत जुळलं, पण मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. म्हटलं, या अंगावर आता भरवसा नाही."

ड्रायव्हरने आयुष्यात दोनदा मार खाल्ला होता, एकदा शाळेत आणि एकदा रस्त्यावर. हे त्याहून जोरात लागलं. त्याने एक हाड मोडलं असं तो आजवर धरून चालला होता. बाईंनी त्याला माफ केलं असं म्हटलं नाही. तुम्ही लवकर यायला हवं होतं, एवढं म्हणाल्या, आणि ते खरं होतं. मग त्यांनी चौपायी बाजूला सरकवली, भिंतीवरची काठी घेतली आणि म्हणाल्या, की वाचनालयात पुस्तकं द्यायला उशीर फार झाला आहे, आत्ताच जाऊ या. दोघं स्टॉपपर्यंत चालत गेले. दोनशे पावलांना अठरा मिनिटं लागली. त्याने घड्याळ बघितलं नव्हतं. परत येताना अंदाज केला.

वेळापत्रक बदललं ते तीन महिन्यांनी, आणि नऊऐवजी सातच स्टॉपांवर. पुढे प्रत्येक गाडीत त्या सीटकडे तोंड करून एक लहान गोल आरसा बसला, आणि तपासणीच्या कागदात मानेची एक ओळ वाढली. त्या ओळीत सहा जण अडकले, आणि त्यातल्या दोघांनी ड्रायव्हरशी बोलणं टाकलं. नव्या ड्रायव्हरांना शिकवणाऱ्या विभागाने त्याला मागून घेतलं, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी पोरांना दोन्ही हातांत पिशव्या देऊन गाडीत चढवलं आणि पाचव्या सेकंदाला गाडी हलवायला लावली. मुलीचं काम संपलं होतं. तिला दुसऱ्या शहरात एका मोठ्या इस्पितळाने बोलावलं होतं, लांब व्हरांड्यांमधून लोक कुठे आणि का थांबतात ते बघायला. जाताना ती डेपोत येऊन गेली, सगळ्यांना पेढ्यांऐवजी बिस्किटं देत; आणि जाता जाता ड्रायव्हरला म्हणाली, की तिच्या कॉलेजातल्या बाईंनी त्याला बोलावलं आहे. पहिल्या वर्षाच्या वर्गावर.

तो कॉलेजात आयुष्यात प्रथमच गेला. बोलायचं म्हणून त्याने दोन पानं लिहून नेली होती, गाडी, आरसा, सेकंद, सगळं क्रमाने. बायकोने शुद्धलेखन तपासून दिलं होतं. वर्गाच्या बाई म्हणजे बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी पानं बघितली आणि म्हणाल्या, ही शेवटी, आधी बसा. वर्गाच्या मधोमध हात नसलेली एक लाकडी खुर्ची होती. भोवती अठरा मुलं-मुली गोल करून, वह्या उघडून. पहिलं अख्खं सत्र आम्ही एवढंच करतो, बाईंनी त्याला सांगितलं. दर आठवड्याला कुणीतरी येतं, या खुर्चीत बसतं आणि उठतं. गेल्या आठवड्यात एक निवृत्त न्यायाधीश येऊन गेले, त्याआधी एक बेकरीवाल्या. मुलं बघतात. बाकी सगळं पुस्तकात असतं, हे नसतं.

ड्रायव्हर बसला. आता उठा, बाई म्हणाल्या. तो उठला. पहिल्यांदा त्याला हसू आलं, मग संकोच वाटला, कानशिलं तापली. परत बसा, परत उठा. चौथ्या-पाचव्या वेळेला वर्ग इतका शांत झाला की पेन कागदावर सरकल्याचं ऐकू येत होतं. अठ्ठावीस वर्षांत त्याला तपासनिसांनी पाहिलं होतं, साहेबांनी पाहिलं होतं, उशीर झालेल्या प्रवाशांनी पाहिलं होतं. या पोरांची नजर त्यातली नव्हती. ती त्याच्यात चूक शोधत नव्हती आणि त्याची कीवही करत नव्हती. एखादं न पाहिलेलं यंत्र, बंद न करता, चालू असताना समजून घ्यावं तशी ती त्याच्या गुडघ्यांवरून, तळव्यांवरून, मानेवरून फिरत होती, आणि त्या नजरेखाली त्याला आपलं अंग जुनं वाटण्याऐवजी गुंतागुंतीचं वाटायला लागलं. कधी नव्हे ते त्याला त्याचं कौतुक वाटलं. नखं कुरतडणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "काका, उठायच्या आधी तुम्ही कुठे बघता?"

असला प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. माहीत नाही, तो म्हणाला, थांब, बघतो. तो बसला, लक्ष ठेवून उठला, आणि म्हणाला, "खाली. जमिनीकडे."

मुलीने वहीत बघितलं. तिला सांगायचा धीर होत नव्हता, आणि सांगितल्यावाचून राहवतही नव्हतं. "नाही काका," ती म्हणाली. "जमिनीकडे नंतर. आधी दर वेळी तुम्ही दाराकडे बघता." त्याने इतरांकडे पाहिलं. कुणीतरी मान हलवली, मग आणखी कुणीतरी. अठराच्या अठरा जणांनी ते लिहून घेतलं होतं. वर्गाच्या त्या दारातून कुणी चढणार नव्हतं, तरी.

ड्रायव्हरने हातातली दोन पानं घडी करून खिशात घातली आणि तो पुन्हा खुर्चीत बसला.